स्वस्तातली जुनी नाणी ऑनलाइन लिलावात कशी विकावी

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, असे व्हिडिओ आमच्या गावात घरोघरी फिरतात. ते नाणं 2012 सालचं, आजही सहज मिळणारं. लाखाचं गिऱ्हाईक दाखवायचं आणि आधी नोंदणीचे पैसे मागायचे, एवढाच तो धंदा आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं की अशा व्यवहारात ती पडत नाही आणि तिच्या नावानं कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका. तसा फोन आला की कापा.

खरा बाजार वीस, पन्नास, शंभर रुपयांचा आहे.

आधी नाणी वेगळी करा. सालाखाली चौकोनी हिरा असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याची. एकेक नाणं विकू नका, टपालखर्च नाण्याहून जास्त होतो. एका विषयाचा लॉट, म्हणजे एकत्र विकायचा गट, करा: 1957 ते 1964 मधले ‘नये पैसे’, कमळाचे वीस पैसे, 1943 ते 1947 चे भोकाचे पैसे. दहा देशांची नाणी एका पिशवीत कोंबली तर संग्राहक पुढे निघून जातो.

आता फोटो. लिलाव इथंच जिंकतो किंवा बुडतो, आणि दोन वर्षं मी इथंच बुडत होतो. आजीच्या डब्यातला पंचम जॉर्जचा पाव आणा मी रात्री पिवळ्या बल्बखाली टिपला. फोटोत तो छान तपकिरी दिसला, बोलीही चांगली लागली. पण आजीनं तो कधीतरी चिंचेनं घासला होता. खऱ्या उजेडात तो गुलाबी आणि चरे पडलेला होता. घेणाऱ्यानं परत पाठवला. पैसे आणि दोन्ही वेळचं टपाल मी भरलं. तो माणूस बरोबर होता.

म्हणून बल्ब नको, फ्लॅश तर मुळीच नको. आमच्याकडचं दुपारचं ऊनही नको, त्यात स्टीलचं नाणं पांढरं फटक येतं. सकाळी आठ-नऊला ओसरीत सावलीत बसा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. नाणं झिजलेलं असेल तर उजेड जितका आडवा तितकी अक्षरं उठून दिसतात. समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा धरला की काळी सावली मऊ होते.

पांढऱ्या कापडावर नाणं ठेवा, असं सगळे सांगतात. मला हे पटत नाही. पांढरं पाहून फोन सगळा फोटो अंधारा करतो आणि तांब्याचं नाणं कोळशासारखं दिसतं. मी पोराची दगडी पाटी कोरडी पुसून वापरतो. फोनच्या पडद्यावर नाण्याला बोट लावायचं आणि उजेड थोडा कमी करायचा. फोन नाण्याला चिकटवू नका. वीतभर वर, दोन डब्यांवर टेकवून धरा आणि नंतर फोटो कापा. जवळून काढलेला फोटो धूसरच येतो. चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर बंद करा, ते चरेसुद्धा पुसून टाकतं आणि मग तुम्ही खोटं विकता.

दोन्ही बाजू, साल व टाकसाळीची खूण कापून मोठी केलेली, आणि काठाला खाच असेल तर तिचा वेगळा फोटो. नाणं थोडं तिरपं धरून एक काढा, मूळ झळाळी आहे की घासलेली चमक, ते त्यातच कळतं. फोटो टाकण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर, नाणं शेजारी ठेवून बघा. रंग जुळला नाही तर पुन्हा काढा. घासलेलं असेल तर ‘घासलेलं आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहा. तोच पाव आणा मी पुढे तसाच विकला. कमी आले, पण परत आला नाही.

सुरुवातीची बोली कमी ठेवा. शेवट रविवारी संध्याकाळी, लाईन जाण्याच्या वेळा टाळून.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तूत मोडतं, ते परदेशी पाठवू नका, कितीही बोली येवो. आणि वावर नांगरताना नाण्यांचं गाडगं निघालं तर ते लिलावात टाकायचं नसतं. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कोणत्याही कास्तकारानं इथं धोका पत्करू नये.

पैसे खात्यात आल्यावरच पाठवा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, हलवलं तर आवाज येऊ नये इतकं घट्ट. चिकटपट्टी नाण्याला लागू देऊ नका. विमा उतरवून स्पीड पोस्ट करा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी घेणाऱ्याला धाडा.