लो-कार्ब करताय, मग तूप का तोडलंत? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी लो-कार्ब, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ (कार्ब्ज) कमी करायचे म्हणून, पोळी-भात बंद केला आणि त्याच झटक्यात तेल-तूपही. सकाळी सहा अंड्यांचा पांढरा भाग, दुपार-रात्र मिळून ३०० ग्रॅम उकडलेलं चिकन ब्रेस्ट, बाजूला काकडी. वाटीत उरलेले बलक शेजारची मांजर चाटूनपुसून खायची. पंधरा दिवसांत तिच्या अंगावर तकाकी आली. माझ्या वाट्याला मळमळ, जुलाब आणि पोट तुडुंब असतानाही न शमणारी भूक.

हिशेब मांडायची अक्कल नंतर सुचली. दिवसाच्या जेमतेम ६०० कॅलरी, त्यातल्या ४६० च्या आसपास एकट्या प्रथिनांच्या. प्रथिनांतला नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि त्याला मर्यादा आहे. रोजच्या ऊर्जेतला साधारण ३५ टक्क्यांहून मोठा वाटा प्रथिनांतून यायला लागला, की बऱ्याच जणांना ते झेपत नाही. अंगावर चरबी असेल तर शरीर तिच्यावर काही काळ भागवतं, म्हणून सडपातळ माणसाला त्रास लवकर होतो.

उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना हे कधीचं ठाऊक होतं. हिवाळ्यात नुसते ससे खाऊन राहिलेली माणसं पोटभर जेवूनही खंगायची, कारण सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. तिकडे हिंडलेला संशोधक व्हिल्हयाल्मुर स्टेफान्सन १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली फक्त मांसावर राहिला. सुरुवातीला त्याला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं. तिसऱ्याच दिवशी मळमळ, जुलाब. चरबीचं मांस सुरू केल्यावर तो सुधारला आणि मग वर्षभर मांसावरच राहिला. त्या आहारात बहुतेक ऊर्जा चरबीची होती. कोणी वर्षभर मांस खावं असं मी म्हणत नाही, पण तिसऱ्या दिवसाची गोष्ट लक्षात ठेवा.

दुरुस्ती स्वयंपाकघरातच आहे. अंडं बलकासकट खा, एका अंड्यात पाचेक ग्रॅम चरबी मिळते. ब्रेस्टऐवजी कातडीसकट तंगडी घ्या. मासे खात असाल तर नुसत्या कोळंबीवर राहू नका, बांगडा-तारली आणा. शाकाहारी असाल तर साय न काढलेल्या दुधाचं पनीर, ओलं खोबरं, मूठभर शेंगदाणे, भाजीवर चमचाभर तूप. ‘लो-फॅट’ लिहिलेलं फळांच्या स्वादाचं दही तर घेऊच नका. त्यात साखर असते, म्हणजे चरबीही गेली आणि कार्ब्जही आले.

आता उलटी चूक. हे वाचून उद्यापासून चहात लोण्याचा गोळा टाकाल, तर पोट पुन्हा बिघडेल. पचनाला सवय व्हायला एक-दोन आठवडे द्या, चमचा-चमचा वाढवा. आणि पित्ताशयात खडे आहेत हे माहीत असेल, तर एक चमचाही आधी डॉक्टरांना विचारून.

प्रत्येक त्रास चरबीच्या कमतरतेचा नसतो. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, पोटऱ्यांत येणारे गोळे, उठताना येणारी चक्कर बहुधा मीठ कमी पडल्याची असते. कार्ब्ज कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त सोडतात. मीठ घातलेलं पातळ ताक किंवा चिकनचं सूप घेतलं की बऱ्याचदा तासाभरात बरं वाटतं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मनानं मीठ वाढवू नका.

मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा प्रयोग सुरूच करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू असताना भात-पोळी बंद केली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि नावात ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या घेत असाल, तर मीटरवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोनचं, म्हणजे चरबी जळताना तयार होणारं, आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी आणि धाप एकत्र आली, तर तूप वाढवून बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.