चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? या चुका टाळा

माझ्या नऊ वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये चेक इंजिनचा दिवा दोन महिन्यांत तीनदा लागला. पहिल्यांदा गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोषाचा कोड उडवला, ३०० रुपये. चौथ्या दिवशी दिवा हजर. दुसऱ्यांदा ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार. आठवडाभर शांतता आणि पुन्हा तेच. कोड तिन्ही वेळा एकच, पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी.

कोड हे बदलायच्या पार्टचं नाव आहे असं समजलो, हीच मोठी चूक. सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात बसून ‘इथे ऑक्सिजन जास्त आहे’ एवढंच सांगत होता, आणि खरं सांगत होता. तो ऑक्सिजन येतोय कुठून, हे ना गॅरेजवाल्यानं विचारलं, ना मी.

उत्तर कोडच्या शेजारीच मिळतं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर दोन गोष्टी पाहायच्या. एक, फ्रीझ फ्रेम: कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, इंजिनाचं तापमान, वेग काय होता याची नोंद. कोड उडवला की हीसुद्धा पुसली जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. दोन, लाँग टर्म फ्युएल ट्रिम: ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयू (इंजिनचा संगणक) किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा. उणे-अधिक १० च्या आत असेल तर सहसा चिंता नको.

माझा आकडा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक २७ होता, २५०० आरपीएमला अधिक ६. रेस दिल्यावर आकडा उतरतो याचा अर्थ कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय. आयडलला तिचा वाटा मोठा असतो, रेस वाढली की तो नगण्य होतो. (उलट, रेस दिल्यावर आकडा चढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे वळा.) इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, तडकलेला पाइपही असंच चित्र दाखवतो, पण माझा पाइप शाबूत होता.

गळती निघाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, म्हणजे इंजिन आणि एक्झॉस्टच्या सांध्यातल्या पट्टीला. सकाळी थंड गाडी चालू केली की टिकटिक यायची आणि पाच मिनिटांत थांबायची. मी तो टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचा आवाज समजत होतो. खरं तर लोखंड तापून फुगलं की फट बरीचशी बुजत होती. आयडलला एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सर ती मोजायचा आणि ईसीयू बिचारा उगाच पेट्रोल ओतायचा. अ‍ॅव्हरेज का घसरलंय, तेही तेव्हा कळलं. ओळखायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा, कुणालातरी दोन-तीन सेकंद जाड फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबायला सांगा आणि बॉनेटजवळ कान द्या. सांध्यावर काजळीचा काळा पट्टाही दिसतो. गॅस्केट आणि मजुरी मिळून खर्च साडेबाराशे.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं ही आपल्याकडची लाडकी युक्ती. दिवा जातो, पण ईसीयूनं शिकलेलं ट्रिमही जातं आणि स्वतःची तपासणी तो पहिल्यापासून सुरू करतो. बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी चालू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय दिवा लागत नाही, म्हणून दोन-चार दिवस गाडी बरी झाल्यासारखी वाटते. दिवा आपोआप विझला तरी हुरळू नका. सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर तो विझतो, कोड मात्र आत बराच काळ राहतो.

सीएनजीवाल्यांनी आधी आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवून पाहावं. कोड आला नाही तर दोष किटच्या ट्यूनिंगकडे किंवा प्लगकडे. सीएनजीला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसिंग करतो, म्हणजे मधूनमधून इंधन पेटतच नाही. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर आणि कोकणात हिरवे पडलेले कनेक्टरही तपासा. नवा सेन्सर गंजलेल्या कनेक्टरला जोडून काय उपयोग?

इंटरनेटवर हमखास मिळणारा ‘पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट लावा’ हा सल्ला मुळात अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे. तिथे टाकीतल्या वाफेची गळतीही गाडी तपासते, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती तपासणी नसते.

पी०४२०, म्हणजे एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कन्व्हर्टर कमी पडतोय असा कोड, आला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं पाच आकडी कोटेशन हातात पडतं. होकार देण्याआधी एक्झॉस्टची गळती आणि मिसिंग नाही ना, एवढं बघून घ्या.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र घरापर्यंत रेटू नका. तेव्हा मिसिंग इतकं असतं की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. बाजूला घ्या, बंद करा, टो करून न्या.

दुरुस्तीनंतर दिवा विझलाय एवढ्यावर थांबू नका. चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवून स्कॅनरवर ‘पेंडिंग’ कोड बघा, दिवा लागायच्या आधी तो तिथे दिसतो. माझा आयडलचा ट्रिम आता अधिक ३ वर आहे.