गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पैलवानासाठी: वजन ताटातून उतरव

गुडघ्यातल्या एसीएलचं, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला, गावाकडं आलास. आता घरात काय होणार ते मला ठाऊक आहे. पोरगं खंगलं म्हणून आई शिरा करणार, वडील म्हशीचं दूध वाढवणार, मामा तुपाचा डबा घेऊन येणार. खुराक तालमीतल्यासारखा आणि मेहनत शून्य. तीन महिन्यांनी बघावं तर ७४ किलोचा पैलवान ८५ वर गेलेला असतो, आणि मांडी मात्र आधीपेक्षा बारीक. मग त्याला धास्ती वाटते. पहाटे उठून पळायला लागतो, बैठका मारायला लागतो आणि ज्या गुडघ्यासाठी एवढा खर्च केला त्याच्यावरच घाव घालतो.

कोल्हापूरजवळच्या आमच्या तालमीत मी पोरांना शिकवतो. गुडघा गेलेली पोरं माझ्याकडं येतात तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो: वजन ताटातून उतरव, आणि मेहनत गुडघ्यासाठी राखून ठेव. पळून वजन उतरवायचा अधिकार त्या गुडघ्याला अजून मिळालेला नाही. खाली जे लिहितोय त्याच्या वर तुझ्या सर्जनचा आणि फिजिओचा शब्द. गुडघ्यातली गादीही (मेनिस्कस) शिवली असेल तर त्यांचे नियम आणखी कडक असतील, ते पाळायचे.

खुराकाचा हिशेब आधी कर. दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे जवळजवळ २००० कॅलरी. शंभर ग्रॅम बदामाची थंडाई म्हणजे सहाशेच्या आसपास. शंभर ग्रॅम तूप म्हणजे ९००. झाले साडेतीन हजार, आणि यात अजून भाकरी, भात, मटण धरलेलंच नाही. सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका, लढत करणाऱ्या पोराला हे पचतं. अंथरुणावर पाय उशीवर ठेवून पडलेल्या ७५-८० किलोच्या पोराला दिवसाला साधारण २२०० ते २४०० कॅलरी पुरतात. उरलेलं सगळं पोटावर जातं.

म्हणून ऑपरेशन झालं की त्या दिवसापासून तूप एका चमच्यावर आण, बदाम दहा-बारा, दूध अर्धा लिटर. थंडाईतली साखर बंद. घरचे म्हणतील, खुराक तोडला तर ताकद जाईल. त्यांना समजावून सांग की जखम भरायला आणि मांडी टिकायला प्रथिनं लागतात, तूप नाही. प्रथिनं उलट वाढवायची आहेत: वजनाच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम. ७४ किलोच्या पोराला दिवसाला १२० ते १५० ग्रॅम.

हे आपल्याच जेवणात बसतं. सहा अंडी म्हणजे ३६ ग्रॅम. दोनशे ग्रॅम कच्चं चिकन शिजवलं तर चाळीसच्या वर. अर्धा लिटर दूध, सतरा-अठरा. मूठभर मटकीची उसळ, बारा-चौदा. तीन ज्वारीच्या भाकरीतही पंधरा-सोळा येतात. चार-पाच वेळांत विभागून खा, सगळं रात्रीच्या ताटात नको. शाकाहारी असशील तर चक्का, पनीर, डाळ आणि सोयाबीनच्या वड्यांवर भर दे. वड्यांमध्ये निम्मं वजन प्रथिनांचंच असतं. मटणाला माझा विरोध नाही. फोडी खा, पांढऱ्या रश्शाची वाटी एकच घे, आणि तांबड्यावरचा कट बाजूला काढ. त्या तवंगाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी असतात.

पहिले सहा आठवडे मात्र वजन कमी करायच्या मागं लागू नकोस. या काळात शरीर जखम भरतंय. आहे ते वजन टिकलं तरी पुष्कळ झालं. उपाशी राहशील तर आधी मांडी जाईल.

आता गुडघा. पहिल्या आठवड्यांत तीनच कामं: गुडघा पूर्ण सरळ होणं, सूज उतरणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणं. यातलं पहिलं सगळ्यात मोठं, आणि पोरं नेमकं त्याकडंच दुर्लक्ष करतात. वाकत नाही म्हणून सगळे काळजी करतात. वाकणं हळूहळू येतं. सरळ होणं मात्र सुरुवातीला राहिलं तर पुढं फार त्रास देतं, चाल लंगडीच राहते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा खाली सैल सोड, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नकोस. बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहायला शिकतो.

मग मांडी आवळायची. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू पलंगात दाब, पाच मोजेपर्यंत धर, सोड. सुरुवातीला वाटेल की स्नायू ऐकतच नाही. गुडघ्यात सूज असली की शरीर स्वतःच मांडीला बंद करून ठेवतं, म्हणून बर्फ आणि पाय उंच ठेवणं हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं. गुडघा न वाकवता पाय उचलता येऊ लागला की पुढची पायरी.

चांगल्या पायाला सुट्टी नाही. त्याचा व्यायाम चालू ठेवला तर दुखऱ्या पायाचीही ताकद कमी प्रमाणात जाते, कारण हुकूम देणारं मज्जातंतूंचं जाळं दोन्हीकडं जोडलेलं आहे. वरचं अंग खुर्चीवर बसून राबव: डंबेल, हलका करेला (फिरवायचा लाकडी मुद्गल), रबर ओढणं. दोराला लटकायचा मोह होईल. खाली उतरताना तू सवयीनं उडी टाकशील, म्हणून दोर नंतर.

इथं एक गोष्ट फार गांभीर्यानं घे. आपल्याकडं दुखलं की तेल लावून रगडायची सवय. ऑपरेशननंतर पोटरी दुखायला लागली, सुजली, गरम किंवा लाल झाली तर मालिश करायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. धाप लागली, छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबू नकोस. ताज्या गुडघ्याला कुठल्याही हाडवैद्याचा हात लागू देऊ नकोस.

सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सगळ्यात फसवा. दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, चाल सरळ झालेली असते. पोराला वाटतं, झालं. पण बसवलेलं नवं लिगामेंट नेमकं याच काळात सगळ्यात कमकुवत असतं. जुन्या रक्तवाहिन्या मेलेल्या, नव्या अजून शिरतायत. उसाची कांडी लावल्यावर डोळा फुटायच्या आत ती उपटून बघण्यासारखं आहे इथं घाई करणं. या काळात जागेवरची सायकल, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, दोन्ही पायांनी लेग प्रेस, सपाट रस्त्यावर चालणं, एवढंच. जखम पूर्ण बुजली आणि फिजिओनं हो म्हटलं की पाण्यातही उतर, पण बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, विहिरीत उडी नाही, आणि शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांवर जायचं नाही. पूर्ण बैठका, सपाटे, फावड्यानं हौदा (तालमीतली कुस्तीची माती) उकरणं, हे सगळं बंद. हौदा उकरताना पाय मातीत रुतलेला असतो आणि कंबर फिरते. एसीएलला मारायला हेच पुरेसं आहे. तालमीतल्या पोरांनी हसून म्हटलं तरी फावडं हातात घ्यायचं नाही.

वजन उतरवायला खरी सुरुवात इथून. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज पाचशेनं कमी खाल्लंस तर आठवड्याला अर्धा किलो जातो. ८५ वरून ७४ वर यायला पाच महिने. ऐकायला लांब वाटतं, पण तिसऱ्या महिन्यात सुरुवात केलीस तर आठव्या महिन्यात वजनात येतोस, आणि गुडघ्याला तरी त्याआधी कुठं आखाड्यात जायचंय! त्यामुळं घाई करायचं कारणच उरत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन कर. रोज काट्यावर चढू नकोस, पाण्यानंच किलोभर इकडं-तिकडं होतं. त्याच दिवशी टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीपासून वर वीतभर अंतरावर दोन्ही मांड्या मोज आणि बेंबीपाशी कंबर मोज. कंबर उतरतेय आणि मांडी भरतेय तर काटा हलला नाही तरी तू बरोबर चाललायस. काटा उतरतोय आणि मांडीही उतरतेय, तर प्रथिनं कमी पडतायत किंवा तू जास्तच तोडतोयस.

भाकरी बंद करू नकोस. तीनच्या दोन कर. भात दुपारी एक वाटी. संध्याकाळी वडापाव, भडंग, फरसाण सुटलं तर निम्मं काम तिथंच होतं. भूक लागते ती बहुतेक रात्री नऊनंतर. तेव्हा ताक, काकडी, दोन उकडलेली अंडी.

चौथ्या महिन्याच्या आसपास, सूज नसेल आणि एका पायावर खुर्चीतून उठता-बसता येत असेल, तर फिजिओला विचारून पळणं. उसातल्या पांदीनं नाही. बैलगाडीच्या चाकोरीत पाय मुरगळतो. डांबरी रस्ता किंवा शाळेचं मैदान. दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघ: फुगला असेल तर काल जास्त झालं, दोन दिवस मागं ये. सकाळी फुगलेला गुडघा खरं सांगतो, त्याच्याशी वाद घालू नकोस. जोर याच काळात परत चालू होतात, बैठका फिजिओ सांगेल तेवढ्याच खोल. आकडा गाठायचा हट्ट नको. पूर्वी पाचशे मारत होतास हे कुणाला सांगू नकोस, स्वतःलाही नाही.

सहाव्या महिन्यानंतर दिशा बदलणं, उड्या, पायाच्या हालचाली. जोडीदाराशिवाय पट काढायची (समोरच्याचा पाय धरायच्या डावाची) चाल मोकळ्या मातीत करून बघ. ढाक हा डाव लावताना पाय कसा फिरतो, ते सावकाश कर. आता परीक्षा घे: चांगल्या पायानं एका पायावर जेवढी लांब उडी जाते, त्याच्या किमान ९० टक्के दुखऱ्या पायानं गेली पाहिजे. मांडीची ताकदही तशीच, ती फिजिओकडं मशीनवर मोजून घे. ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितका पुन्हा इजा व्हायचा धोका कमी, दर महिन्याला जवळपास निम्म्यानं. म्हणून आमच्या तालमीत नऊ महिन्यांआधी लढत नाही, आणि परीक्षा पास नसेल तर नऊनंतरही नाही.

अडचण अशी की चैत्रात जत्रा येतात. गावचे पंच घरी येऊन म्हणतात, नारळावरची (नारळाच्या बक्षिसाची छोटी कुस्ती) तरी धर, गावाची इज्जत आहे. सहाव्या महिन्याला ही हाक आली तर हात जोडून नाही म्हण. जत्रेत जोड डोळ्यांनी अंगयष्टी बघून लावतात. तू दहा किलोनं फुगलेला असशील तर समोर तसाच जाडजूड गडी उभा करतील, आणि त्याच्या अंगाखाली तुझा गुडघा येईल.

आणि कुणी इंजेक्शन देतो म्हणाला, लवकर भरून येतं म्हणाला, तर त्याला तालमीच्या दारात उभं करू नकोस. लघवी जास्त होऊन वजन उतरवणाऱ्या गोळ्याही खेळातल्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. रबरी जाकीट घालून घाम काढणं, दिवसभर पाणी बंद ठेवणं, हे तर जिवाशी खेळणं आहे. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत अवघ्या सव्वा महिन्यात तीन कॉलेज पैलवान असं वजन तोडताना मेले. त्यानंतर तिथं नियम बदलले, आणि आता आठवड्याला अंगाच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायला परवानगी नाही. तू याच्या निम्म्याहूनही कमी वेगानं उतरतोयस, ते बरोबर आहे.

विनेश फोगटकडं बघ. २०१६ ला रिओत लढत चालू असताना गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. २०१८ ला जकार्तात आशियाई सुवर्ण. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एका वर्षाच्या आत पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत. तिथं दुसऱ्या दिवशीच्या वजनाला १०० ग्रॅम जास्त भरले आणि पदक गेलं. मला ते आजही सहन होत नाही. ती ज्या गटात लढली त्याच्यासाठी तिला शरीराला फार खाली ओढावं लागत होतं. तू परतताना जुन्या गटाचा हट्ट धरू नकोस. मांडी नीट भरून कंबर उतरल्यावर तुझं वजन ७७ वर स्थिर राहत असेल तर ७९ चा गट तुझा. ७४ साठी तीन किलो मांस जाळू नकोस.

लढत सुरू करशील तेव्हा पहिला महिना जोडीदार तुझ्यापेक्षा हलका आणि समजूतदार घे. आधी उभ्यानं हातांची झटापट, मग पट, आणि आकडी, टांग अशी पायात पाय अडकणारी डावपेची लढत सगळ्यात शेवटी. जोडीदाराला आधीच सांगायचं की पाय अडकला की मी हात आपटीन, तू तिथल्या तिथं सोडायचं. आठवड्यातून दोनदा मांडीचे व्यायाम पुढंही चालू ठेव, कुस्ती सुरू झाली म्हणून ते सोडू नकोस. तूप हळूहळू वाढव, मेहनत जितकी वाढेल तितकंच. आणि टेपनं मांडी मोजणं निदान वर्षभर थांबवू नकोस.