पद्मिनीचा पत्रा आधी, रंग मागनं

दिवाळी झाली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार बाळगणारा कुणीतरी मला गाठतोच. "पद्मिनीला रंग मारायचाय, किती लागतील?" मी म्हणतो, आधी मॅट उचलून बघ.

माझी पद्मिनी १९७८ ची, मामांकडून आलेली. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत ती काचेपर्यंत पाण्यात होती. नंतर वरनं धुऊन पुसून एकदम झ्याक दिसायची. मॅट काढली आणि गाडीतनं थेट गॅरेजची फरशी दिसली.

तर पहिलं हत्यार लोहचुंबक. त्याला फडकं गुंडाळा आणि सगळ्या गाडीवरनं फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, मागच्या मालकानं थापलेली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी आहे. मग जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालनं टोचत जा. दारांखालचा पोकळ चॅनेल, मडगार्डचा खालचा कोपरा, दाराच्या तळाची घडी, डिकीच्या रबराखालची कड. माझ्या चॅनेलमधनं अर्धं घमेलं गाळ निघाला.

कापायला हात लावण्याआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. आणि आता जे सांगतोय ते मी स्वतः चुकून शिकलोय. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची चासी. दारांखालचे चॅनेल म्हणजे तिचा कणा. मी उत्साहात दोन्ही बाजूंचे चॅनेल एकदम कापले, गाडी मधोमध बसली. नवा पत्रा जोडून झाल्यावर ड्रायव्हरचं दार काही केल्या लागेना. सगळं परत कापलं, तीन आठवडे गेले. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरका पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून घ्या, गाडी सपाट जमिनीवर चारी बाजूंनी टेकवा, आणि एकावेळी एकच बाजू कापा. दर दोन-चार टाक्यांनंतर दार लावून बघा. कंटाळा येतो, पण बघा. पत्रा २० गेजचा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड घ्या. सलग वेल्डिंग ओढू नका. इथं एक टाका, तिथं एक टाका, मध्ये गार होऊ द्या. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो.

जुना रंग काढायला आमच्या गावात एक मोह असतो. फौंड्रीवाला मित्र म्हणतो, "बॉनेट आण की, शॉट ब्लास्ट करून देतो, पाच मिनिटांत." कास्टिंगला ते ठीक. बॉनेटच्या पातळ पत्र्यावर छऱ्यांचा मार बसला की तो ताणून लाटा धरतो, आणि त्या लाटा कुठल्याही डेंटरच्या बापाला निघत नाहीत. रिमूव्हर लावा, पत्रीनं खरवडा, उरलेलं ८० नंबरच्या पेपरनं. उघडा झालेला पत्रा रात्रभर तसा ठेवू नका. आपल्या दमट हवेत सकाळी त्यावर तांबूस गंज चढलेला असतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर, मारा.

लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. त्याहून खोल खड्डा असेल तर हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) पत्राच उचला. पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, तिला वॉटर पेपर लावू नका, कोरडंच घासा, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, तिरक्या रेघांत. मी धंद्यानं पॅटर्न मेकर, फौंड्रीच्या साच्यांसाठी नमुने बनवतो. आमच्यात उंचसखल डोळ्यांनी बघत नाहीत, तळवा फिरवतात. हातात पातळ सुती मोजा घाला, कळतं. खात्री करायची असेल तर प्रायमरवर काळा रंग अगदी विरळ उडवा आणि ४०० नंबरच्या पेपरनं घासा. काळं राहिलं तिथं खड्डा, लवकर उडालं तिथं उंचवटा.

मूळ रंग डॅशबोर्डच्या मागं किंवा डिकीच्या मॅटखाली सापडतो. तो तुकडा उन्हात धरून जुळवून घ्या, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. रंग बदलायचाच असेल तर आरसीवरही तशी नोंद करून घ्यावी लागते.

रंग कुठला, थिनर उडून सुकणारा जुना ड्युको की हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन)? मी ड्युकोवाला. डाग पडला तर तेवढंच दुरुस्त होतं, आणि जुन्या गाडीला आरशासारखी चमक मला तरी शोभत नाही असं वाटतं. पीयू टिकतो जास्त, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून तो मारायचा नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्कच पाहिजे. तो नसेल तर बूथवाल्याकडं द्या.

पावसाळ्यात ड्युको मारू नका. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग ताकासारखा पांढुरका पडतो. पावसाळा संपला की गळीत हंगाम. फडात पाचट पेटवलं की काजळी उडत येते आणि नेमकी ओल्या बॉनेटवर बसते. मी चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, जमिनीवर पाणी मारलं, आणि दव सुकल्यावर, वारा सुटायच्या आत हात घेतला. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा. गन वीतभरापेक्षा थोडी जवळ, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. रंगाच्या दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा.

शेवटी चॅनेलच्या आत पातळ मेण फवारा. पहिल्यांदा गाडी धुतली की दारांच्या तळाच्या भोकांतनं पाणी ठिबकतंय का बघा. ठिबकत नसेल तर तार घाला, मेणानं भोक बुजलंय. माझ्या मागच्या डाव्या दाराचं बुजलं होतं.