कोकणातल्या परड्यात गोबरगॅस: माप, जागा आणि पहिली भरणी

संयंत्राचं माप घरातली माणसं मोजून ठरवू नका. आठवडाभर गोठ्यातलं शेण रोज तोला आणि त्यावर ठरवा. किलोभर शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो, म्हणजे रोज 2 घनमीटर (2000 लिटर) गॅस देणाऱ्या दीनबंधू, म्हणजे विटांच्या पक्क्या घुमटाच्या, संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं. आपली गुरं अंगाने लहान आणि दिवसभर चरायला बाहेर, त्यामुळे हाती लागतं ते रात्रीचंच शेण. 25 किलोच भरत असेल तर 1 घनमीटरचं बांधा. त्याचा गॅस रोज साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. मोठं संयंत्र अर्धपोटी राहिलं की बायकांच्या वाट्याला पुन्हा लाकडाचा धूर येतो.

जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळची, पण विहिरीपासून किमान 15 मीटर लांब. माड-आंब्याची मुळं घुमटाला चिरा पाडतात, तेव्हा झाडांपासूनही दूर. पावसात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलून तडकते. म्हणून काम दिवाळीनंतर काढा, आगोटीपूर्वी टाकी भरलेली हवी. आउटलेटचा (मळी बाहेर पडते त्या तोंडाचा) कठडा जमिनीपासून अर्धा फूट वर घ्या, नाहीतर पागवळ्यांचं पाणी आत शिरतं.

पहिल्या भरणीला 2 घनमीटरसाठी सुमारे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चालू संयंत्रातली दोन-तीन पिंपं स्लरी (बाहेर पडलेली मळी) मिसळलीत तर गॅस लवकर धरतो. शेण-पाण्याचा काला हाताने कुस्करा: पेंढ्याच्या काड्या राहिल्या तर वर जाड साय धरते, आणि रेती गेली तर तळ भरत जातो. पावसाळ्यात शेण पातळ असतं, पाणी कमी करा. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी टाकीत अजिबात नको, जिवाणू मरतात. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, पेटत नाही. तो उघड्यावर सोडा, विस्तव लांब ठेवून.

ज्योत फडफडू लागली तर पाइपात पाणी साचलंय. पाइपाला उतार देऊन सर्वांत सखल जागी पाणी काढायचा नळ बसवा. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप टिकत नाही, एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, घ्या. शेगडीही गोबरगॅसचीच हवी. सिलिंडरच्या शेगडीचं छिद्र फार बारीक असतं.

दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली तरी आत कोणी उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही.