घरातल्या सामाईक इंटरनेटवर लिनक्सचा लॅपटॉप जोडण्यापूर्वीची तयारी

घरात फायबरचे एकच कनेक्शन आहे, त्यावर सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही आणि कोणाचा तरी ऑफिसचा लॅपटॉप चालतो, आणि आता विंडोजच्या एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा डेबियन (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या मोफत प्रणाली) टाकून तोही त्याच राउटरला जोडायचा आहे, असे गृहीत धरून ही यादी केली आहे. यातली बरीचशी कामे विंडोज पुसण्यापूर्वीच उरकून घ्यावीत. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) नाही म्हणून इंटरनेट नाही आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, हा पेच एकदा पडला की साध्या कामात अख्खा रविवार जातो.

पहिले काम म्हणजे लॅपटॉपमधील वायफायची चिप कोणत्या कंपनीची आहे ते पाहून कागदावर लिहून ठेवणे. विंडोज असेपर्यंत डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे नाव दिसते. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, लाइव्ह स्वरूपात लॅपटॉप चालू केला तर उत्तर अधिक खात्रीचे मिळते, कारण तिथे वायफाय चालले तर इन्स्टॉल केल्यावरही ते चालण्याची शक्यता बरीच असते. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड एनएनके या पर्यायासह (lspci -nnk) दिली की प्रत्येक उपकरणाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसते. वायफायच्या नावाखाली ती ओळच नसेल तर चिप सापडली आहे, पण तिला चालवणारा कोणी नाही, असे समजावे. इंटेलच्या चिप सहसा त्रास देत नाहीत. जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना मात्र कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर डिजिटल स्वाक्षरी नसलेला असा ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नाकारतो, म्हणून बायोसमधील, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ मेनूमधील, ती सेटिंग आधीच पाहून ठेवावी. डेबियन घ्यायचे असेल तर 2023 मध्ये आलेली बारावी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी. तिच्यापासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर (चिपला चालण्यासाठी लागणारे तिचे स्वतःचे सॉफ्टवेअर) येते, त्याआधी ते स्वतंत्रपणे मिळवावे लागत असे.

दुसरी तयारी केबलची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. वायफाय कितीही चांगले असले तरी पहिल्या दिवशी लॅनची केबल हाताशी हवी. केबल कॅट 5ई किंवा त्यापुढची असावी, आणि तिच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून आत आठही तारा आहेत का ते मोजावे. काही स्वस्त केबलमध्ये चारच तारा असतात, आणि मग राउटर व लॅपटॉप दोन्ही गिगाबिटचे असूनही वेग 100 एमबीपीएसच्या पुढे जात नाही. केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावावी, बाहेरून इंटरनेट येते त्या वॅन पोर्टमध्ये नव्हे. लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) चालू करावे. लिनक्स त्याला तारेच्या कनेक्शनसारखेच वागवतो, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. फक्त ती यूएसबी केबल निव्वळ चार्जिंगची नसावी.

घरात राउटर जो सांभाळतो त्याच्याकडून त्याची माहिती आधीच मागून घ्यावी. वायफायचे नाव आणि पासवर्ड, कॅपिटल व स्मॉल अक्षरांसह, जसाच्या तसा लिहून घ्यावा. जुनी कार्डे अनेकदा फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना 5 गिगाहर्ट्झचे नाव यादीत दिसणारच नाही. राउटर केवळ डब्ल्यूपीए3 या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेला असेल तर अशा जुन्या कार्डाची नाव दिसूनही जोडणी कदाचित होणार नाही. राउटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश असेल तर लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) त्या यादीत घालून घ्यावा लागेल. इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शनात लिनक्समध्ये पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करण्याची पद्धत) कनेक्शन बनवायला सांगितलेले असते, त्याकडे दुर्लक्ष करावे. ते लॉगिन राउटर करतो, लॅपटॉपने करायचे नसते.

आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा आकड्यांतला पत्ता, आपोआप मिळू द्यावा. हाताने घातलेला आकडा उद्या टीव्हीला मिळालेल्या आकड्याशी भिडला तर दोघांचेही कनेक्शन मधूनमधून तुटते आणि दोष नव्या लॅपटॉपवर येतो, तोही रास्तच. कायमचा एकच अ‍ॅड्रेस हवा असेल तर तो राउटरमध्येच राखून ठेवावा.

लॅपटॉप फार जुना असेल तर घड्याळ तपासावे. बायोसची बॅटरी संपलेली असली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि इंटरनेट व्यवस्थित असूनही ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याची तक्रार करतो.

इन्स्टॉल झाल्यावर पहिले अपडेट मोठे असते, कधीकधी एक जीबीच्याही वर. घरात कोणाची मीटिंग किंवा ऑनलाइन परीक्षा चालू असेल तर ते रात्रीवर टाकावे, आणि कनेक्शनला महिन्याची डेटा मर्यादा असेल तर आपोआप होणारी अपडेट बंद ठेवावीत.

शेवटी तपासणीचा क्रम ठरवून ठेवावा. आधी लॅपटॉपला 192.168 ने सुरू होणारा किंवा तुमच्या राउटरच्या मालिकेतला अ‍ॅड्रेस मिळाला का ते पाहावे. तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने अ‍ॅड्रेस दिलेलाच नाही. मग राउटरला पिंग करावे (उत्तर येते का ते पाहण्यासाठी छोटा संदेश पाठवावा), त्यानंतर 1.1.1.1 या इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्याला, आणि सर्वांत शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटर उत्तर देतो पण 1.1.1.1 देत नाही, तर घरातले इतर मोबाइल चालतात का ते विचारावे. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधणाऱ्या सेवेचा आहे, तेव्हा राउटर बंद-चालू करून घरादाराचे इंटरनेट तोडण्याआधी लॅपटॉपमधील डीएनएसची सेटिंग पाहावी.