मेश्टॅस्टिक: चॅनलचं नाव बदललं आणि सगळे गप्प

राजगड–तोरणा वाटेवर मोबाइलची रेंज असून नसल्यासारखी, म्हणून आम्ही सहा जणांनी मेश्टॅस्टिकवर चालणारे लोरा रेडिओ घेतले. लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर थोडा मजकूर पाठवणारा रेडिओ, आणि मेश्टॅस्टिक म्हणजे असे रेडिओ एकमेकांचे मेसेज पुढे पाठवतील असं जाळं करणारं सॉफ्टवेअर. ट्रेकच्या आदल्या रात्री मी शहाणपणा केला. पहिल्या, म्हणजे 0 नंबरच्या, चॅनलला आमच्या ग्रुपचं नाव दिलं. सकाळपर्यंत पुण्यातला एकही नोड (जाळ्यातला दुसरा रेडिओ) ऐकू येईना. अँटेना बदलून झाला, केबल बदलून झाली. दोष नावात होता!

यंत्रात 8 चॅनल मावतात, 0 ते 7. चॅनल म्हणजे वेगळी फ्रिक्वेन्सी नव्हे. नुसतं नाव आणि मेसेज कुलूपबंद करणारी किल्ली. आठही एकाच फ्रिक्वेन्सीवरून जातात. ती मात्र, तुम्ही हाताने ठरवली नसेल तर, 0 नंबरच्या चॅनलच्या नावावरून ठरते. भारतासाठी पट्टा 865 ते 867 मेगाहर्ट्झ, लाँगफास्ट या मूळच्या सेटिंगला लागणारी रुंदी 250 किलोहर्ट्झ, म्हणजे पट्ट्यात फ्रिक्वेन्सीचे खाने 8. नाव बदललं की बहुतेक वेळा खानाही बदलतो.

म्हणून 0 च्या नावाला हात लावू नका. आपला चॅनल 1 वर जोडा. नाव 11 बाइटांत बसवा. देवनागरी अक्षराला 3 बाइट लागतात, काना-मात्रेलाही, तेव्हा रोमन लिपीच बरी. किल्ली 256 बिटांची, ॲपकडूनच तयार करून घ्या. मूळची किल्ली जगजाहीर आहे.

मग क्यूआर कोड समोरासमोर स्कॅन करायला द्या. स्कॅन करणाऱ्याने ‘जोडा’ निवडायचं. ‘बदला’ दाबलं की त्याचे आधीचे चॅनल पुसले जातात (आमच्यात दोघांनी दाबलं).

0 सामाईक राहिला की डोंगरावरचा अनोळखी नोडसुद्धा आपलं बंद पाकीट न उघडता पुढे ढकलतो, साधारण 3 उड्यांपर्यंत (एका रेडिओने पुढे ढकलणं म्हणजे एक उडी). पण हवा सगळ्यांची एकच, आणि वेग सेकंदाला जेमतेम 1 किलोबिट. ‘पोचलो का, पोचलो का’ करत बसू नका. सुमारे 200 बाइटांच्या मेसेजात मराठीची साठ-पासष्ट अक्षरं-मात्राच मावतात, हे एका परीने बरंच आहे.

0 वर स्वतःचं नेमकं ठिकाण जाऊ देऊ नका. अचूकता कमी करा किंवा बंदच ठेवा.

किल्ली ज्याच्याकडे तो सभासद. एकालाच बाहेर काढायची सोय नाही. बुधला माचीजवळ आमचा एक रेडिओ दरीत गेला. त्या रात्री उरलेल्या पाचही यंत्रांत नवी किल्ली घातली.